भाडेवसुलीतून समाजसेवा: ऑक्टेव्हिया हिल यांची लंडनमधील घरे

१८६५. लंडनच्या मेरिलबोन भागातील एक कळकट गल्ली, नाव मात्र ‘पॅराडाइज प्लेस’. तेथील तीन मोडकळीस आलेली घरे जॉन रस्किन यांनी विकत घेतली आणि त्यांचा कारभार २६ वर्षांच्या ऑक्टेव्हिया हिल यांच्या हाती दिला.

रस्किन यांची अट होती: गुंतवणुकीवर दरसाल ५ टक्के मिळालेच पाहिजेत. हा व्यवहार तोट्याचा नाही हे दिसले, तरच इतर धनिक पुढे येतील, असा त्यांचा हिशेब होता.

हिल दर आठवड्याला भाडे घेण्यास स्वतः दारोदार जात. त्या निमित्ताने आजारपण, मुलांचे शिक्षण, शिल्लक यांची विचारपूस होई. ५ टक्के देऊन उरलेली रक्कम सुधारणांवर खर्च होई आणि आधी काय हवे, हे भाडेकरूच ठरवीत. हंगाम मंदावला की डागडुजीचे काम त्यांनाच मिळे.

पण भाडे थकले की घर सोडण्याची नोटीस! सवलतीने माणूस परावलंबी होतो, हे त्यांचे ठाम मत. मला ते पटत नाही. ज्याची रोजंदारीच बेभरवशाची, त्याने दर आठवड्याचे भाडे आणावे कोठून? नगरपालिकेने घरे बांधण्यासही त्यांचा विरोधच होता.

तरीही व्याप वाढतच गेला. १८८४ मध्ये चर्चच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाने साउथवार्कमधील घरे त्यांच्याकडे सोपवली. एकटीने हे पेलणारे नव्हते, म्हणून त्यांनी स्त्रियांना हिशेब, दुरुस्ती आणि भाडेकरूंशी वागण्याचे शिक्षण दिले. ब्रिटनमध्ये गृहव्यवस्थापन हा स्त्रियांचा पगारी व्यवसाय झाला, तो याच शिष्यांमुळे.