टोटल वॉर : एम्पायर मोबाईलमध्ये पायदळ कसं वापरायचं? मराठा फौज घेऊन खेळणाऱ्यांसाठी पूर्ण माहिती

दिवाळीत गावी, म्हणजे शेंदूरजनाघाटला गेलो होतो. संध्याकाळी लाइन गेली म्हणून सगळे अंगणात बसलो होतो आणि माझा चुलत भाऊ मोबाईलमध्ये डोकं घालून 'टोटल वॉर : एम्पायर' खेळत होता. फौज मराठ्यांची. लढाई सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, तर हा ओरडला, "दादा, माहे शिपाई काहून पयून रायले?" पुढे म्हणाला, "आपली फौजच भंगार आहे, म्हणूनच तर आपण इंग्रजांशी हरलो."

पहिल्या वाक्याचं उत्तर गेममध्ये आहे. दुसरं वाक्य मात्र मला खटकलं, कारण त्याचं उत्तर आपल्या गावापासून फार लांब नाही. अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला आणि अमरावती जिल्ह्यातल्या गाविलगडावर पायदळाचे हेच सगळे धडे १८०३ साली प्रत्यक्ष घडले आहेत. म्हणून या लेखात गेम आणि ती लढाई दोन्ही सोबत समजून घेऊ.

गेमची थोडक्यात ओळख

'एम्पायर : टोटल वॉर' हा क्रिएटिव्ह असेंब्ली कंपनीचा गेम २००९ साली कॉम्प्युटरवर आला. फेरल इंटरॅक्टिव्हने तो २०२४ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवर आणला. यात दोन भाग असतात. नकाशावर राज्य चालवायचं ते पाळीपाळीने. पण लढाई लागली की ती रिअल-टाइम, म्हणजे तुम्ही विचार करत बसलात तरी समोरचा थांबत नाही. काळ १७०० ते १७९९ असा आहे आणि त्यात मराठा फौज खेळायला मिळते.

या काळातली लढाई पायदळावरच चालते. घोडदळ पटकन जातं, तोफ लांबून मारते, पण जागा धरून उभं राहतं ते फक्त पायदळ.

पायदळाचे प्रकार आणि त्यांचं काम

- रांगेतले बंदूकवाले : फौजेचा कणा. रांगेत उभे राहून फैरी झाडतात. जवळच्या अंतरावर भयंकर, हातघाईत मध्यम.
- तलवारवाले आणि भालेवाले : भारतीय फौजांकडे हे भरपूर मिळतात. हातघाईत जबरदस्त, पण गोळीबारात उघडे सापडले तर पोहोचेपर्यंत अर्धे संपतात.
- हलकं पायदळ : लांबून नेम धरून मारणारे, विरळ उभे राहणारे. शत्रूला त्रास द्यायचा आणि मागे यायचं, हे यांचं काम.
- हंगामी शिपाई : स्वस्त, पण लवकर घाबरतात. यांना मुख्य रांगेत मध्यभागी उभं करू नका.

माझ्या भावाची पहिली चूक इथेच होती. त्याने स्वस्तातले शिपाई भरपूर घेतले आणि सगळ्यांना एकदम पुढे सोडलं.

सगळ्यात महत्त्वाचं : धीर, म्हणजेच मोराल

बहुतेक मोबाईल गेममध्ये सैनिकाची 'हेल्थ' संपली की तो मरतो आणि तोपर्यंत लढत राहतो. इथे तसं नाही. प्रत्येक पलटणीला धीर असतो. तो खाली गेला की झेंडा पांढरा लुकलुकायला लागतो आणि मग अख्खी पलटण पळते. शंभरातले सत्तर जिवंत असले तरी पळते!

प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर हा एक आकडा आहे आणि चारी बाजूंनी त्यात बेरीज-वजाबाकी चालू असते.

धीर कमी करणाऱ्या गोष्टी :
- बगलेतून किंवा पाठीमागून हल्ला
- थोड्या वेळात खूप माणसं पडणं
- तोफांचा मारा
- शेजारची पलटण पळताना दिसणं
- दमणूक
- सेनापती मारला जाणं

धीर वाढवणाऱ्या गोष्टी :
- सेनापती जवळ असणं
- दोन्ही बाजूंना आपली माणसं असणं
- अनुभव

आता अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३. एका बाजूला आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज, दुसऱ्या बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि सोबत शिंद्यांचं घोडदळ. मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि इंग्रजांकडच्या देशी शिपायांच्या तीन पलटणी चक्क पळत सुटल्या. हे नवखे नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत याहून मोठ्या माऱ्यात ते टिकले होते. वेलस्ली नशिबाने जवळ होता. त्याने त्यांना थांबवलं, गावाच्या आडोशाला पुन्हा जमवलं आणि रांगेत आणून उभं केलं. पुढे त्याच माणसांनी ती लढाई जिंकली.

म्हणजे पळणं हे 'भंगार फौजेचं' लक्षण नाही. जिंकणारी फौजही पळाली होती. फरक पडला तो तिला परत फिरवणारा जवळ होता म्हणून.

गेममध्ये काय करायचं : सेनापतीला घोड्यावर पुढे चढाईला पाठवू नका. त्याला रांगेच्या थोडं मागे, मध्यावर ठेवा. झेंडा लुकलुकायला लागला की त्याला त्या पलटणीजवळ न्या आणि धीर देण्याची त्याची खास क्षमता वापरा. पलटण एकदा पूर्ण फुटून निघाली की मग उपयोग नसतो.

रांग पातळ ठेवा

सुरुवातीला तुमच्या बंदूकवाल्यांत फक्त पुढची ओळ गोळी झाडते. मागचे नुसते उभे. त्यामुळे पलटण चौकोनी गठ्ठ्यात उभी केली तर निम्म्याहून जास्त बंदुका वाया जातात. पलटण ओढून लांब आणि पातळ करा. पुढे एकामागून एक ओळीने फैर झाडण्याचं तंत्र ज्या फौजेला मिळतं, तिथे दोन-तीन ओळींचा फायदा होतो.

पण फार लांब ओढली तर रांग मध्येच फुटते, म्हणून मागे एक-दोन पलटणी राखीव ठेवा. माझा साधा हिशोब : पायदळाच्या सहा पलटणी असतील तर चार रांगेत, दोन मागे.

गोळी कधी झाडायची?

'दिसला की झाड' ही सेटिंग सुरू असते. लांबून झाडलेली पहिली फैर बरीचशी वाया जाते आणि बंदूक पुन्हा भरायला वेळ लागतो. तेवढ्यात शत्रू अंगावर येतो. तलवारवाले धावून येत असतील तर गोळीबार बंद ठेवा, त्यांना जवळ येऊ द्या आणि मग सुरू करा. जवळून बसलेल्या एका फैरीत माणसं पडतात आणि धीरही पडतो.

आणखी एक गोष्ट : आपल्या बंदुकांसमोर आपलीच माणसं आणू नका. या गेममध्ये आपली गोळी आपल्यालाही लागते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ रोहिल्यांना मागे रेटत होतं. पण काही मराठा सरदारांचं घोडदळ ठरलेली जागा सोडून पुढे घुसलं आणि गारद्यांच्या माऱ्यालाच आड आलं, असं सांगितलं जातं. मी भावाला हे सांगितलं तेव्हा तो हसला, कारण दोन मिनिटांपूर्वी त्याने स्वतःच्या घोडदळाचं हेच केलं होतं.

घोडदळ आलं तर : चौकोन

पातळ रांग गोळीबाराला चांगली, पण घोडदळाने बगलेत धडक दिली की कापसासारखी उडते. त्यावर उपाय म्हणजे चौकोन. चारी बाजूंनी संगिनी बाहेर, पाठ कुणाचीच उघडी नाही. गेममध्ये यासाठी आधी संशोधन करावं लागतं.

मराठ्यांच्या इतिहासात याचं मस्त उदाहरण आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन या फ्रेंच बोलणाऱ्या अधिकाऱ्याकडून कवायती 'कंपू' तयार करवून घेतले. सप्टेंबर १७९० मध्ये मेडत्याच्या लढाईत राठोडांचं घोडदळ त्यांच्यावर तुटून पडलं. कंपूच्या पायदळाने पोकळ चौकोन धरला आणि ते हल्ले परतवले.

लक्षात ठेवा, चौकोन फक्त घोडदळासाठी. समोर तोफ किंवा बंदूकवाले असतील तर दाटीने उभी असलेली माणसं म्हणजे सोपा नेम. घोडदळ गेलं की लगेच रांग करा. संशोधन झालं नसेल तर बगलेला भालेवाले ठेवा.

तोफांसमोर काय करायचं?

नवीन खेळाडू दोन चुका करतात : तोफेच्या माऱ्यात नुसतं उभं राहतात, नाहीतर लांबूनच धावत सुटतात. उभं राहिलं तर धीर जातो, धावलं तर पोहोचेपर्यंत दम जातो.

अडगावला पळालेल्या पलटणी परत आणल्यावर वेलस्लीने पायदळाला जमिनीवर आडवं पडायला सांगितलं. पूर्ण रांग तयार होईपर्यंत ते तसेच पडून राहिले, मग सगळे एकदम उठून पुढे निघाले. एकेक पलटण तुकड्या-तुकड्यांत पाठवली नाही. शेवटी भोसल्यांच्या फौजेला ३८ तोफा मैदानात सोडाव्या लागल्या.

गेममध्ये हेच असं करा :
- चढण, टेकडी किंवा घरांच्या मागे पायदळ थांबवा.
- सगळ्या पलटणी तयार झाल्यावर एकत्र निघा.
- बहुतेक अंतर चालत कापा, शेवटचा टप्पा फक्त धावा.
- तोफा ताब्यात घ्यायला घोडदळ बाजूने पाठवा.

आडोसा, भिंती आणि हलकं पायदळ

मैदानात दगडी भिंत दिसली की बंदूकवाले तिच्यामागे लावा, नुकसान बरंच कमी होतं. रिकाम्या इमारतीतही पलटण घुसवता येते. पण शत्रूकडे तोफा असतील तर इमारत म्हणजे सापळा.

हलक्या पायदळाला मुख्य रांगेत उभं करणं म्हणजे संत्र्याच्या कलमाला बैल बांधण्यासारखं आहे. त्यांची किंमत वेगळ्या कामात आहे. अडगावनंतर इंग्रज फौज गाविलगडावर आली. तोफांनी बाहेरचा तट फोडला तरी आतला तट आणि दरवाजा शाबूत होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची हलक्या पायदळाची एक कंपनी शिड्या लावून वेगळ्या बाजूने तटावर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. १५ डिसेंबर १८०३ ला गड पडला आणि दोन दिवसांत देवगावचा तह झाला.

मोठी फौज समोर खोळंबली असताना एक छोटी तुकडी अवघड वाटेने जाऊन सगळं बदलू शकते. गेममध्ये किल्ल्यावर चाल करताना सगळं पायदळ एकाच भगदाडात कोंबू नका. एक पलटण दुसऱ्या तटाकडे पाठवा.

मराठा फौजेसाठी सोपी मांडणी

१. मध्ये बंदूकवाले, पातळ रांगेत.
२. त्यांच्या मागे दोन्ही टोकांना तलवारवाले.
३. बंदूकवाल्यांनी दोन-तीन फैरी झाडल्यावर तलवारवाले बाजूने वळवून शत्रूच्या बगलेत घाला.
४. घोडदळ अगदी शेवटी, पळणाऱ्यांच्या पाठीमागे.
५. सेनापती मध्यावर, मागे.

बगल मिळाली की कमी ताकदीची पलटणही भारी पलटणीला पळवते. समोरासमोर रेटण्यापेक्षा हे कधीही परवडतं.

मोबाईलवर खेळताना

- लढाई पॉज करून हुकूम देता येतात. लाज न बाळगता वापरा. बोटाने वीस पलटणी सांभाळणं माऊसइतकं सोपं नाही.
- पायदळ, घोडदळ, तोफा यांचे वेगवेगळे गट आधीच करून ठेवा.
- उन्हाळ्यात आपल्याकडे फोन तसाही तापतो. ग्राफिक्स कमी ठेवा आणि चार्जिंगला लावून खेळू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

संगिनीचं संशोधन लगेच करावं का? हो, पण सुरुवातीची संगीन बंदुकीच्या नळीतच खुपसतात. ती लावली की गोळी झाडता येत नाही. म्हणून पुढच्या प्रकारापर्यंत लवकर पोहोचा.

पळालेली पलटण परत येते का? बऱ्याचदा येते. तिच्यामागे शत्रूचं घोडदळ लागू देऊ नका आणि परत आल्यावर लगेच पुढे पाठवू नका.

अडगावची लढाई गेममध्ये आहे का? नाही. गेमचा काळ १७९९ ला संपतो.

शेवटी

त्या रात्री भावाने तीच लढाई पुन्हा खेळली. रांग पातळ, सेनापती मागे, दोन पलटणी राखीव. त्याची डावी बाजू एकदा पळाली, त्याने पॉज केलं, सेनापती नेला आणि तिला परत फिरवलं. जिंकला, पण काठावर.

मग मी त्याला अडगावचं सांगितलं. आपल्याला परत खेळायचं बटण आहे. त्या संध्याकाळी तिथे दोन्हीकडून लढणाऱ्यांत कितीतरी याच देशातली माणसं होती आणि त्यांना दुसरा डाव नव्हता. ते भंगार नव्हते. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, गाविलगड पाह्यला जाऊ एकदा." चिखलदऱ्याला जाणार असाल तर तुम्हीही नक्की पाहा. तो दरवाजा आणि तो तट बघितला की वरचे सगळे मुद्दे आपोआप लक्षात राहतील.