आधीच लिहिलेली उत्तरे

१९९५ ची 'विंडोज ९५' फ्लॉपीवर घेतली, तर १३ फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागत. पुढे सीडी रूढ झाली, पण प्रश्न संपले नाहीत. संगणकाचे नाव काय? वेळ कुठली? २५ अक्षरांची किल्ली कोणती? दर प्रश्नाला माणूस हजर हवा. एका संगणकाचे ठीक. शाळेत ४० असले की रात्र त्यातच जाई.

तोड साधी निघाली. उत्तरे एका फाईलमध्ये आधीच लिहून ठेवायची. २००१ च्या 'एक्सपी'साठी ती 'विनएनटी डॉट एसआयएफ' या नावाने फ्लॉपीवर ठेवून सीडीवरून संगणक सुरू केला, की तो तिच्यातूनच उत्तरे घेई. परीक्षेआधीच भरलेली उत्तरपत्रिका म्हणा ना! २००७ मध्ये घरोघरच्या ग्राहकांसाठी आलेल्या 'व्हिस्टा'पासून फाईलचे रूप बदलले, रीत तीच.

पण या उत्तरांत मुख्य पासवर्डही असे, पुष्कळदा उघड अक्षरांत. 'व्हिस्टा'च्या फाईलमध्ये तो झाकण्याची सोय होती. मात्र ते कुलूप नव्हे, नुसता पडदा. जाणकाराला तो क्षणात दूर करता येतो. काम झाल्यावर ही फाईल पुसायचे कुणी विसरले, तर ती डिस्कवरच पडून राहते. म्हणून संगणकात शिरलेला घुसखोर आजही विंडोजच्या 'पँथर' फोल्डरमध्ये ती शोधतो.