शाळेच्या भिंतीवरचा नकाशा

लोधीखेड्याच्या लहानशा स्टेशनात केळवदकडून नॅरोगेजची गाडी शिरली की आम्हा पोरांना नागपूरच दारात आल्यासारखे वाटे. नागपूर आमची राजधानी, शाळेच्या नकाशावरचा मोठा तांबडा ठिपका. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मी आठ वर्षांचा होतो. त्या दिवशी राजधानी भोपाळला गेली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमची सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिली. गाडी धावतच राहिली. पण मामाचे केळवद आता परराज्य झाले.

फाजल अली आयोगाने 1955 साली त्याच आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले होते. आयोगाने साधारणपणे जिल्हा हाच घटक धरला. छिंदवाडा जिल्हा हिंदीबहुल, त्यामुळे सौंसरची मराठी त्याच्या पोटात राहिली. सहामाहीच्या पेपरात मी राजधानी 'नागपूर' लिहिली आणि दोन गुण गेले. गुरुजी म्हणाले, "बाळा, उत्तर मागच्या वर्षीचं आहे."

हे सारे आठवले ते नातीने आणलेल्या 'पर्सेपोलिस' या चित्रपुस्तकामुळे. मार्जान सत्रापी 1969 साली इराणात जन्मली. 1979 च्या क्रांतीत शाह गेला. पुढल्याच वर्षी शाळेत डोक्यावर ओढणी सक्तीची झाली, तिची दोन भाषांची फ्रेंच शाळा बंद झाली आणि इराकशी युद्ध पेटले. ते आठ वर्षे चालले. शेजारच्या मैत्रिणीचे घर क्षेपणास्त्राने पडले. 1984 साली, चौदाव्या वर्षी, आईबापांनी तिला व्हिएन्नाला धाडले. 2000 ते 2003 या काळात फ्रेंचमध्ये चार भागांत आलेल्या या पुस्तकात केवळ काळी-पांढरी चित्रे आहेत. पण मोठ्यांचा इतिहास पोराच्या उंचीवरून कसा दिसतो, ते त्यात आहे.

आमच्याकडे रक्त सांडले नाही, नुसती रेघ सरकली. तुलना करू नये, हे मला कळते. तरी तेव्हाच्या पोरांपैकी आता थोडेच उरलो आहोत आणि आमची ती शाळा कुणी चितारली नाही. ती गाडी 2015 साली बंद झाली. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि नकाशा पुन्हा बदलला.

परवा नातीने वही पुढे केली. "आजोबा, सीमा कुठं काढू?" म्हटले, "केळवद आणि आपल्या गावाच्या मधे." तिने रेघ ओढली. मग मी पेन्सिल घेतली आणि रेघेवरून गाडी काढली.