नाताळात डिस्ने वर्ल्ड: दोनशे डॉलरच्या तिकिटात नेमकं काय मिळतं?

२५ डिसेंबरच्या सकाळी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर डिस्नेची नाताळ परेड लागते. नाचणारे कलाकार, हसरी मुलं, मागे झगमगता किल्ला. यातला बराचसा भाग नोव्हेंबरमध्येच चित्रित झालेला असतो. प्रत्यक्ष नाताळाच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर बाबागाडी ढकलायलाही जागा शोधावी लागते.

फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालं. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या या जागेत आज चार थीम पार्क, दोन वॉटर पार्क आणि डिस्नेची स्वतःची हॉटेलं आहेत. सगळ्यात जास्त गर्दी मॅजिक किंगडममध्ये असते. थीम्ड एंटरटेनमेंट असोसिएशनच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये तिथे १ कोटी ७७ लाख लोक आले, म्हणजे दिवसाला सरासरी ४८ हजारांवर. नाताळ ते ३१ डिसेंबर हे दिवस या सरासरीत बसत नाहीत.

कारण साधं आहे. या काळात अमेरिकाभर शाळा बंद असतात आणि बरीच ऑफिसं थंडावलेली असतात. त्यामुळे नाताळ साजरा न करणारेही याच आठवड्यात बाहेर पडतात. तिथल्या मराठी कुटुंबांचंही हेच गणित आहे. दिवाळीला देशभर सुट्टी नसते, डिसेंबरअखेर मात्र आई-बाबा दोघांना रजा आणि मुलांना सुट्टी असं एकत्र जुळून येतं. भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असले तर तीन पिढ्या एका गाडीत.

पार्क ‘भरतं’ म्हणजे काय?

एका पार्कमध्ये किती माणसं मावतात, हा आकडा डिस्ने जाहीर करत नाही. गर्दी हाताबाहेर जायला लागली की प्रवेश टप्प्याटप्प्याने थांबवला जातो. आधी साधी तिकीटं घेऊन येणाऱ्यांना थांबवायचं आणि डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना शक्यतो आत घेत राहायचं, अशी पद्धत. मॅजिक किंगडमवर २५ आणि ३१ डिसेंबरला अशी वेळ अनेकदा आली आहे.

आता गर्दी आवरायचं मोठं साधन म्हणजे किंमत. ऑक्टोबर २०१८ पासून तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. १९७१ मध्ये प्रौढांना साडेतीन डॉलरमध्ये आत जाता यायचं, राइडची कुपनं वेगळी. २०२५ च्या नाताळ आठवड्यासाठी मॅजिक किंगडमच्या एका दिवसाच्या तिकिटाचा जाहीर झालेला दर होता १९९ डॉलर. दहा वर्षांवरच्या चौघांचे ७९६ डॉलर, तेही कर, पार्किंग आणि जेवण सोडून. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दहाव्या वाढदिवसापासून मात्र पूर्ण प्रौढांचा दर!

रांग टाळायचे पैसे

१९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास आणला. ठरलेल्या वेळेचं कुपन घ्यायचं, तोवर भटकायचं आणि वेळ झाली की छोट्या रांगेतून आत शिरायचं. ही सोय फुकट होती. २०२१ मध्ये तिची जागा पैसे भरून मिळणाऱ्या सेवेने घेतली. २०२४ पासून तिचं नाव आहे लायटनिंग लेन. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ती सात दिवस आधी बुक करता येते, बाकीच्यांना तीन दिवस आधी. त्याच वर्षी प्रीमियर पासही आला. त्याचा दर सुरुवातीला पार्क आणि दिवसानुसार माणशी १२९ ते ४४९ डॉलर ठेवला होता. तिकीट वेगळंच.

खरी मेख पुढे आहे. एका राइडवर तासाला किती माणसं बसतील हे ठरलेलं असतं. लायटनिंग लेनवाल्यांना दिलेली प्रत्येक जागा साध्या रांगेच्या वाट्यातूनच जाते. म्हणून जितके लोक पैसे भरतात, तितकी साधी रांग आणखी हळू सरकते आणि तितके आणखी लोक पैसे भरायला तयार होतात. नाताळात साधं तिकीट तुम्हाला गेटच्या आत नेतं. त्यापुढे वेळ तरी द्यायचा, नाहीतर पैसे. डिस्ने याला सोय म्हणतं. मुलाला कडेवर घेऊन तासभर उभ्या राहिलेल्या बापाला ती तशी वाटेलच असं नाही.

काही गोष्टी अजून फुकट आहेत. डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना रोज अर्धा तास लवकर प्रवेश मिळतो आणि नाताळात हा अर्धा तास सोन्याचा. एखाद्या राइडसाठी मुलाची उंची कमी पडली (सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला किमान ९७ सेंटिमीटर लागते) तर ‘रायडर स्विच’ मागायचं. एक पालक आधी बसतो, दुसरा मुलाजवळ थांबतो आणि नंतर पूर्ण रांग न लावता जातो. घरचे पराठे-ठेपलेही नेता येतात, फक्त काचेची भांडी चालत नाहीत. स्वेटर मात्र हवा. दुपारी बावीस-तेवीस अंश असले तरी सकाळी आणि रात्री गारठा असतो.

गर्दी नको, पण सजावट हवी असेल तर?

डिसेंबरचे पहिले दोन आठवडे. झाडं, माळा, दिवे नोव्हेंबरपासूनच लागलेले असतात. या काळात काही संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये वेगळ्या तिकिटाची नाताळ पार्टी असते आणि साध्या तिकीटवाल्यांना सहा वाजता बाहेर पडावं लागतं. म्हणून अशा दिवशी दुपारपर्यंत गर्दी तुलनेने कमी. नाताळाच्या आठवड्यात या पार्ट्या संपलेल्या असतात आणि त्यातली परेड साध्या तिकिटावर बघता येते. एप्कॉटमध्ये ३० डिसेंबरच्या सुमारापर्यंत कँडललाइट प्रोसेशनल होतं. त्यात मोठं गायकवृंद, वाद्यवृंद आणि येशूजन्माची कथा वाचणारे नामवंत कलाकार असतात. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ही प्रथा १९५८ पासून आहे.

जुने लोक मात्र अजून ऑस्बॉर्न दिव्यांची आठवण काढतात. आर्कान्सातल्या लिटल रॉकचे जेनिंग्ज ऑस्बॉर्न मुलीच्या हट्टापायी घरावर रोषणाई करायला लागले आणि दिवे लाखोंवर गेले. बघ्यांच्या गाड्यांनी रस्ता अडला, शेजारी कोर्टात गेले. शेवटी १९९५ मध्ये ही रोषणाई डिस्नेच्या स्टुडिओ पार्कमध्ये आली आणि जानेवारी २०१६ पर्यंत तिथेच राहिली.

मॅजिक किंगडमला जायचं तर आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. साध्या पाहुण्यांचं पार्किंग गेटजवळ नाही. गाडी लावून पुढे मोनोरेल किंवा तलावातली बोट पकडावी लागते. रात्री आतषबाजी संपली की सगळी गर्दी एकदम तिकडेच वळते. आजी-आजोबा आणि झोपलेलं मूल सोबत असेल तर तेव्हा लगेच न निघता मेन स्ट्रीटवर अर्धा तास बसून राहणं बरं. दुकानं तोवर उघडी असतात.