खानदेश आणि संगीत नाटकाचे तारुण्य

संगीत नाटकाविषयी आज जे बोलले जाते ते बहुधा पूर्वजांच्या ठेव्याविषयी बोलावे तशा सुरात बोलले जाते. ठेवा जपावा, त्याची धूळ झटकावी, वर्षातून एकदा तो दर्शनास ठेवावा, असा त्या बोलण्याचा आशय असतो. परंतु ज्यांनी ही रंगभूमी वैभवास नेली त्यांची वये पडताळून पाहिली, तर ही कला वृद्धांनी सांभाळलेली नसून तरुणांनी, किंबहुना मिसरूडही न फुटलेल्या मुलांनी, गाजवलेली आहे असे निदर्शनास येते; आणि या गोष्टीची साक्ष पुण्यामुंबईइतकीच खानदेशच्या मातीतही सापडते.

१९०६ साली खानदेश जिल्ह्याची वाटणी होऊन जळगाव हे पूर्व खानदेशचे आणि धुळे हे पश्चिम खानदेशचे ठाणे झाले, त्यापूर्वीच या मुलखाचे दळणवळण पालटून गेले होते. भुसावळ हे मोठे जंक्शन झाले होते, १९०० च्या सुमारास चाळीसगावाहून धुळ्यास लोहमार्गाचा फाटा निघाला होता, आणि तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी गाडी अमळनेरवरून धावू लागली होती. कापसाच्या पेठांमुळे व्यापारी, अडते, वकील आणि कचेरीतील अंमलदार असा रसिक वर्ग या गावांत एकवटला होता. पडद्यांच्या गुंडाळ्या, पोशाखांच्या पेट्या, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी आणि चाळीसपन्नास माणसे असा लवाजमा घेऊन हिंडणाऱ्या नाटक मंडळीस दोनच गोष्टींची निकड असे : रेल्वेचे स्टेशन आणि हाती पैसा खेळणारी बाजारपेठ. खानदेशात या दोन्ही होत्या.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास रंगभूमीवर आले आणि १८८२ साली ‘सौभद्र’ अवतरले. त्यानंतर काही वर्षांनी नारायण श्रीपाद राजहंस नावाचा एक मुलगा काही काळ जळगावास राहिला आणि त्याने मेहबूबखाँ यांच्याजवळ गायनाचे आरंभीचे धडे घेतले. लोकमान्यांनी ज्याला बालगंधर्व म्हटले तोच हा मुलगा. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत त्याचा प्रवेश झाला तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता. पुढे त्याने साऱ्या महाराष्ट्रास वेड लावले हे सर्वश्रुत आहे, पण त्या गळ्यावरील पहिल्या संस्कारांत जळगावचा वाटा आहे ही गोष्ट या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. जळगाव त्या काळी कोवळ्या गुणांस कान देणारे गाव होते. नानासाहेब फडणीस यांचे ‘काव्यरत्नावली’ हे मासिक १८८७ पासून येथूनच निघत असे, आणि १९०७ साली येथे भरलेल्या कविसंमेलनात धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळासतरा वर्षांच्या मुलास ‘बालकवी’ ही पदवी मिळाली.

नाटक मंडळी ही त्या काळची निवासी पाठशाळाच होती. गोड गळ्याचा मुलगा मालकाच्या हवाली केला जाई. पहाटे गळा तापवणे, दुपारी नकला पाठ करणे, रात्री विंगेत उभे राहून वडीलधाऱ्या नटांचे पाहणे, आणि साऱ्यांबरोबर एका पंगतीत जेवणे, हा त्याचा नित्यक्रम. तालीममास्तर पद शिकवी ते कागदावरून नव्हे. एकेक ओळ स्वतः म्हणून दाखवी आणि मुलाकडून शंभर वेळा म्हणवून घेई. त्यातच कंठ फुटण्याचे वय आले की मोठा पेच पडे. काल नायिका म्हणून टाळ्या घेणारा मुलगा आज घोगऱ्या आवाजाने बाजूस बसे, आणि नवा गळा स्थिरावून पुरुषभूमिका मिळेपर्यंतचे दिवस त्याला मोठ्या धीराने काढावे लागत. या कसोटीतून जे तरले त्यांचे धाडस पाहावे : बालवयात ‘शारदे’ची भूमिका गाजवणाऱ्या केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते; दीनानाथ मंगेशकर चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बलवंत संगीत मंडळी’ स्थापन करून १९१८ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले तेव्हा त्यांनाही अठरावे वर्षच चालू होते.

दीनानाथांचा तर खानदेशाशी सोयरसंबंधच जुळला. शिरपूर तालुक्यात तापीकाठी वसलेले थाळनेर, जे एके काळी फारुकी राजांची राजधानी होते, तेथील लाड कुटुंबाचे ते जावई झाले. आणि थाळनेरची नात असलेल्या लतेने अगदी लहान वयात वडिलांच्या मंडळीच्या ‘सौभद्रा’त ऐन वेळी नारदाची भूमिका उभी केली, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

बोलपट आले आणि हा सारा व्यवहार कोसळला. नाटकगृहांची चित्रगृहे झाली, मंडळ्यांवर कर्जाचे डोंगर चढले, आणि १९४४ साली धुळ्यास साहित्य संमेलन भरून एका नाटककाराला, मामा वरेरकरांना, अध्यक्षपदाचा मान मिळाला तेव्हा फिरत्या मंडळ्यांचे युग सरत आले होते. मंडळ्या मोडल्या त्याबरोबर त्यांची पाठशाळाही मोडली, आणि माझ्या मते हीच खरी हानी होय. कारण प्रेक्षक पुन्हा मिळवता येतो, परंतु ओळीओळीने शिकवणारा आणि शंभर वेळा घोकून घेणारा गुरू पुन्हा मिळवणे अत्यंत कठीण. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी मंडळींस व्यासपीठ दिले खरे, पण स्पर्धेची तयारी महिन्यादोन महिन्यांची, आणि गळ्याची तयारी वर्षांची.

म्हणूनच महाविद्यालयीन मुलामुलींचा एखादा संघ जेव्हा ‘सौभद्र’ बसवावयास घेतो तेव्हा त्याच्यासमोर कोणत्या अडचणी उभ्या राहतात हे समजून घेण्याजोगे आहे. मूळ नाटकात शंभरांहून अधिक पदे आहेत. रात्रभर चालणारा तो प्रयोग तीन तासांत बसवायचा तर कोणती पदे ठेवावी आणि कोणती गाळावी, हा पहिला वाद. दुसरी अडचण पट्टीची : मंडळ्यांच्या काळी सुभद्रा आणि अर्जुन दोघेही पुरुषच असल्यामुळे एकाच पट्टीत बहुधा निभावून जाई, आज सुभद्रा मुलगी असते, तिचा सूर उंच आणि अर्जुनाचा खाली, आणि एका पदातून दुसऱ्या पदात जाताना ऑर्गनवाल्यास चटकन स्वर बदलून घ्यावा लागतो. तिसरी अडचण तानेच्या मोहाची. पद हे संवादाचेच पुढचे पाऊल आहे, रागदारीची मैफल नव्हे, हे कळावयास तालीमच हवी. परंतु एक गोष्ट या मुलांच्या बाजूची आहे. वडील भाऊ दुर्योधनाशी लग्न ठरवीत असता आपल्या मनातील वराची वाट पाहणारी मुलगी आणि तिच्यासाठी संन्यासवेष घेणारा तरुण, हे कथानक विशीतील मनास समजावून सांगावे लागत नाही. नांदीसाठी पात्रे एका रांगेत उभी राहिली आणि पहिला स्वर सर्वांनी एकदम लावला, की ती मुले किर्लोस्करांच्या काळाशी थेट बोलू लागतात.

जळगावात आज बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि त्यांच्याच नावाने संगीत महोत्सवही भरतो. हे योग्यच आहे. परंतु ज्या मुलाचे नाव आपण त्या वास्तूस दिले, त्यास या गावाने स्मारक दिले नव्हते, शिक्षक दिला होता. जळगाव, धुळे, अमळनेर येथील संस्थांनी प्रयोगापुरते मानधन न देता बारमाही तालीममास्तर दरमहा पगारावर नेमावा, त्याच्या हाती दहाबारा मुलेमुली सोपवाव्या, आणि कंठ फुटण्याच्या वयातही त्यांना दूर लोटू नये, एवढी तजवीज झाली तर संगीत नाटकाच्या जतनाची चिंता करण्याचे कारणच उरणार नाही. तरुणांच्या हाती सोपवलेली ही कला पूर्वीही तरुणांनीच वाढवली, आणि पुढेही तेच वाढवतील.