अठरा वर्षांनंतरचे पालकत्व आणि बँकेचे व्यवहार

दिव्यांग मुलाला 18 वर्षे पूर्ण झाली की आई-वडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. खडोलीतल्या अनेक सभासदांना हे बँकेत गेल्यावरच कळते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असल्यास राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीवर जिल्हाधिकारी असतात, म्हणून चौकशी सिल्वासाला त्यांच्या कार्यालयात करावी. नेमणुकीनंतर 6 महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची व देण्यांची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. बँका हे प्रमाणपत्र मान्य करतात.

कोमात गेलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी घटनेच्या अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात जावे लागते. आपला प्रदेश त्याच्याच कक्षेत येतो. वकील आला, खर्च आला, वेळही आला.

नोकरीत असताना आम्ही पाहिले आहे, मुलगा वडिलांचे मुखत्यारपत्र घेऊन काउंटरवर येई आणि वडील तिकडे बेशुद्ध. देणाऱ्याची समज गेली की साधे मुखत्यारपत्र संपते, हे त्याला सांगणे आमच्याही जिवावर येई.

माणूस शुद्धीवर आहे, पण सही जमत नाही, अशा वेळी दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. त्यातला एक बँकेचा अधिकारी लागतो. सही चालू आहे तोवर खाते जोडीदारासह 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून घ्या. नुसत्या नॉमिनीला खातेदाराच्या हयातीत एक रुपयाही काढता येत नाही.