मर्ढेकर ते मुक्तिबोध : मराठी समीक्षेतील साहित्यमूल्याचा वाद

साहित्यकृतीचे मोठेपण कशावर ठरवावे, हा आधुनिक मराठी समीक्षेतील मध्यवर्ती प्रश्न होय. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या काळात तो 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या स्वरूपात गाजला. त्याला तात्त्विक बैठक मिळवून दिली ती बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांनी.

'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) व 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथांत मर्ढेकरांनी सर्व ललित कलांना एकच निकष लावला. कलाकृतीतील घटकांमध्ये संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी साधलेली लयबद्ध रचना म्हणजे सौंदर्य. साहित्याचे माध्यम नुसता शब्द नसून भावनात्मक अर्थ आहे, असे ते मानीत. बोध, उपयुक्तता किंवा नीती यांवरून कलाकृतीचे मोल ठरवणे त्यांना अमान्य होते. नवकाव्य व नवकथा यांच्याकडे रचना म्हणून पाहण्याची दृष्टी या विचाराने दिली. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

या भूमिकेची चिकित्सक छाननी रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात केली. कलेला जीवनापासून स्वायत्त मानणारा अलौकिकतावाद आणि जीवनव्यवहाराशी जोडणारा लौकिकतावाद अशी मांडणी करून, साहित्याची संकल्पनाच द्विध्रुवात्मक आहे, असे त्यांनी दाखवले. कोणताही एकच निकष साहित्याला पुरा पडत नाही, हा त्याचा अर्थ.

दुसऱ्या ध्रुवाची समर्थ बाजू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) यांनी मांडली. ते मूळचे इंदूरचे. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध हे त्यांचे थोरले बंधू. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या एकाच मराठी घराने दोन भाषांना दोन विचारवंत कवी दिले, ही बाब बृहन्महाराष्ट्रातील वाचकांच्या विशेष अगत्याची. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथात शरच्चंद्रांनी 'मानुषता' हे साहित्याचे मूल्य मानले. मार्क्सवादी असूनही त्यांनी साहित्याला प्रचाराचे साधन मानले नाही. माणसाच्या माणूसपणाची जाणीव कलाकृतीत किती सखोलपणे साकार झाली, हे ते पाहत. या ग्रंथास १९७९ चा अकादमी पुरस्कार मिळाला.

हा वाद केवळ विद्यापीठीय राहिला नाही. दलित साहित्य आले, तेव्हा प्रस्थापित निकषांनी त्याचे मोल जोखता येईल काय, हा प्रश्न उभा राहिला. शरद पाटील यांचे 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) हे ग्रंथ त्याच प्रश्नाला सामोरे गेले. नवा अनुभव घेऊन येणाऱ्या लेखनाला न्याय द्यायचा, तर निकषही पुन्हा तपासावे लागतात, हे या परंपरेचे मोठे देणे आहे. मात्र मर्ढेकरांनी घातलेली अट त्यामुळे रद्द होत नाही : आशय कितीही थोर असो, तो रचनेत उतरला आहे की नाही, हे समीक्षकाला दाखवून द्यावेच लागते.